गुरुवारचा फळा

गुरुवारी सकाळी सव्वादहा वाजता माझी बायको मासे साफ करताना भिंतीला टेकली आणि पुन्हा उठली नाही. मी तेव्हा फळ्याजवळ होतो. फळा लिहून झाला होता. डॉक्टर पावणेअकराला आले आणि गेले. साडेबाराला अकरा माणसं जेवायला आली. त्यांना शेजाऱ्यांनी परत पाठवलं. त्यांतल्या एकानं जाण्याआधी फळ्याचा फोटो काढला.

फळ्यावर एका कोपऱ्यात वार गुरुवार आणि हजर ११ असं होतं. मध्ये चार ओळी होत्या. बोंबलाचं भुजणं, कोलंबीचं कालवण, पापलेट तळून, कालवं. खाली भाकरी, भात, ताक.

आमचं घर बोईसरहून चिंचणीकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. पुढच्या पडवीत सहा टेबलं आहेत. बाहेरच्या लोकांना आम्ही दुपारचं जेवण देत होतो. याला काही जण हॉटेल म्हणत, काही खानावळ. बायको म्हणायची, "आमी जेवायला घालतो." पाटी आम्ही कधी लावली नाही. रस्त्यावरून फळा दिसायचा, तेवढ्यानं भागायचं.

मी सोलापूरकडचा. इकडच्या एका शाळेत मराठी शिकवायला आलो आणि पुढे शाळेचं ग्रंथालयही माझ्याकडे आलं. शाळा दुपारची होती, आता मी निवृत्त आहे. कुंभवलीच्या कारखान्यांत आणि वीज प्रकल्पात कामाला असलेल्यांची मुलं शाळेत होती. निम्म्या मुलांचं गाव दुसरीकडे कुठेतरी होतं, त्यामुळे माझी भाषा कोणाला वेगळी वाटली नाही. बायको समुद्रावरच्या गावातली. आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरी नाराजी झाली. माझ्या घरच्यांची नाराजी कशाबद्दल होती ते सांगायला नको. तिच्या घरच्यांची मात्र मी मासे खात नाही याबद्दल होती. तिचे वडील तिला माझ्यासमोर म्हणाले, "पोरी, आयुष्यभर याला काय घालशील?" ती म्हणाली, "वरण." मग तिनं अठ्ठावीस वर्षं मला वरण घातलं. माझी भांडी वेगळी होती, माझी शेगडीही वेगळी होती. घरात मासे रोज शिजत होते आणि मी त्यांची नावं लिहीत होतो.

फळा शाळेतलाच आहे. शाळेत पांढरे फळे आले तेव्हा काळे भंगारात निघाले. त्यांतला एक मी मागून घेतला. त्याच्या उजव्या कोपऱ्यात तैलरंगानं चार शब्द लिहिलेले आहेत. वार, इयत्ता, पट, हजर. फळा पडवीत टांगला त्या दिवशी बायको त्याच्यासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"हे काय लिवलंय कोपऱ्यात?"

मी वाचून दाखवलं.

"पट म्हंजे?"

"ज्यांची नावं घातली आहेत ती मुलं."

"आनि हजर?"

"जी आली ती."

"मंग हजर ठेवा. नावं घालून काय करायचंय आपल्याला?"

त्यामुळे हजरपुढे मी रोज फोन करून कळवलेल्यांचा आकडा लिहायचो. इयत्ता आणि पट रिकामे असायचे. एकदा एका पाहुण्यानं हसत विचारलं की इथे कोणती इयत्ता आहे. बायकोनं भाकरी वाढता वाढता सांगितलं, "जेवल्यावर कळंल."

फळ्याचा नियम दुसऱ्या आठवड्यात ठरला. त्या दिवशी मला शाळेत लवकर जायचं होतं. ती अजून किनाऱ्यावरून आली नव्हती. आदल्या दिवशी जे होतं तेच असेल असं धरून मी फळा लिहून टाकला. त्यात घोळ होती. घोळ म्हणजे एक मोठा मासा, तो रोज मिळत नाही हे मला ठाऊक नव्हतं. ती टमटममधून उतरली तेव्हा नाशिकचं एक कुटुंब टेबलाशी बसून घोळीची वाट बघत होतं. तिच्या पाटीत मांदेली आणि करंदी होती. फळा पुसून दुसरं लिहिलं असतं तर ते लोक काही बोलले नसते. ती पाटी खाली ठेवून त्याच टमटमनं परत गेली. दीड तासानं घोळीचा तुकडा घेऊन आली. लोकांना जेवायला घातलं. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मास्तर, लिवलं ते द्यायला लागतं. नायतर लिवायचं नाय."

मी आयुष्यभर लिहिणं शिकवलं होतं. लिहिलेल्याचं असं काही करावं लागतं हे मी कधी कोणाला शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून ती किनाऱ्यावरून आल्याशिवाय मी खडू हातात घेतला नाही. ती पडवीत बसायची, पाटीतून एकेक मासा काढून मोरीजवळच्या परातीत टाकायची आणि नाव सांगायची. मी फळ्याकडे तोंड करून लिहायचो. सतरा वर्षं हे असं चाललं. माझी पाठ तिच्याकडे असायची, त्यामुळे मला माशांची नावं सगळी येत होती आणि मासा एकही ओळखता येत नव्हता. हे पुढे लोकांसमोर उघडं पडलं, ते सांगेन.

जेवायला येणारे दोन तऱ्हांचे असत. सोमवार ते शुक्रवार तारापूरच्या कारखान्यांत कामासाठी आलेले लोक. कोणी यंत्र दुरुस्त करायला आलेला, कोणी तपासणीला, कोणी माल विकायला. हे लोक भराभर जेवतात आणि समुद्र कुठल्या बाजूला आहे हे विचारत नाहीत. शनिवार-रविवारी समुद्र बघायला आलेले लोक. ते हळूहळू जेवतात आणि सगळं विचारतात. या लोकांना कोकण म्हटलं की मालवण आठवतं. "सोलकढी नाही?" असं प्रत्येक रविवारी एक तरी जण विचारायचा. बायको म्हणायची, "ती तिकडं खाली. हिकडं ताक हाय, बेटेगावचं." एकानं फारच आग्रह धरला तेव्हा म्हणाली, "मालवन लांब हाय. आता निघालात तर उद्याच्या जेवनाला पोचाल." तो हसला आणि दोन पेले ताक प्यायला.

इथलं खाणं तसं साधं आहे. भुजणं म्हणजे वाणगावची हिरवी मिरची, लसूण आणि कोथिंबीर वाटून माशाला चोळायची आणि फोडणी न देता शिजवायचं. खोबरं फारसं नसतं. कालवणाला चिंच, कैरीच्या दिवसांत कैरी. भाकरी तांदळाची. हे मी चवीनं सांगत नाही, ऐकून सांगतो. पाहुणे मला विचारत, "ताजं आहे ना?" मी सांगत असे, "सकाळचं आहे." मला तेवढंच माहीत होतं आणि तेवढं खरं होतं.

बायको गेली ते दिवस माघातले होते. तेराव्यानंतर नातेवाईक गेले आणि तिची थोरली बहीण राहिली. तिला सगळे बाय म्हणतात, मीही म्हणतो. बायनं चाळीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासळी विकली. तिचा नवरा कधीच गेला, मुलगी लग्न होऊन सातपाटीला आहे. ती चार दिवसांसाठी म्हणून राहिली. पाचव्या दिवशी सकाळी ती पडवीत येऊन म्हणाली, "मास्तर, फोन वाजतोय. लोक विचारतात. काय सांगू?"

मी म्हणालो की मला माहीत नाही.

"मला तरी काय म्हाइत? पन लोक जेवायला येतात, मरायला नाय येत." मग फळ्याकडे बघत म्हणाली, "काय लिवलंय ते वाचा."

मी वाचलं.

"हे त्या दिवशीचं?"

"हो."

"कोनाला दिलं?"

"कोणालाच नाही."

तिनं मान हलवली. तिच्या बहिणीचा नियम तिला ठाऊक होता. "मंग आज हेच द्यू. देऊन झालं की पुसा."

ती किनाऱ्यावर गेली. साडेदहाला परत आली. चारही पदार्थ झाले. त्या दिवशी ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं आणि एक विक्रेता, सुरतेहून महिन्यातून एकदा येणारा. सगळ्यांनी सगळं खाल्लं. टेबलं पुसून झाल्यावर बायनं ओलं फडकं माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "उद्या."

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा फळा तसाच होता. पाटी घेऊन गेली आणि बोंबील, कोलंबी, पापलेट, कालवं घेऊन आली.

इथे माझी चूक सांगायला हवी. आमच्या नियमाप्रमाणे तो फळा पुरा झाला होता. मी तो पुसायला हवा होता. मी पुसला नाही आणि बाय तिच्या बहिणीच्या शब्दाला बांधलेली होती. लिहिलेलं आहे तोवर ते द्यायचं. मी रोज सकाळी काहीच न करून तिला चार मासे आणायला लावत होतो. हे मला कळत नव्हतं असं नाही.

खडू महिनाभर टिकत नाही. स्वयंपाकघराची वाफ बाहेर येते, रस्त्याची धूळ येते, पाहुण्यांचे खांदे लागतात. अक्षर पुसट झालं की मी सकाळी बाय गेल्यावर त्यावरून खडू फिरवत असे. आधीच्या रेघेवरून रेघ. ळ ची गाठ सुटणार नाही, ट चा पाय लांबणार नाही याची काळजी घेत असे. काही दिवसांनी फळ्यावर त्या गुरुवारचा खडू राहिला नसणार. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"मला वाचता नाय येत," बाय एकदा भाकरी थापताना म्हणाली, "पन खडू संपतो ते दिसतं."

ज्या माणसानं त्या दिवशी फोटो काढला होता त्यानं तो मोबाइलच्या नकाशावर आमच्या घराच्या जागी टाकला. खाली काय लिहिलं होतं ते मला एका पाहुण्यानं दाखवलं. "जेवण मिळालं नाही, पण फळा पाहा." त्यानंतर आलेल्या लोकांनी त्याखाली लिहिलं की जेवण मिळतं आणि फळ्यावरचंच मिळतं. कोणीतरी लिहिलं, "चारही पदार्थ घ्या. गल्ल्यावरचे आजोबा बोलत नाहीत." चैत्रात गर्दी वाढली. लोक मोबाइलवरचा फोटो आणि फळा ताडून बघत आणि समाधानानं बसत. त्यांना वाटत होतं की या घराचे हे चार ठरलेले पदार्थ आहेत. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी माझं कौतुक केलं की आम्ही परंपरा राखली आहे. वार बदलायचा राहिला आहे एवढं मात्र त्यांनी हळूच सुचवलं. मी हो म्हणालो.

सुरतेच्या विक्रेत्याला हे चाललं नाही. तिसऱ्या महिन्यात त्यानं ताट समोर आल्यावर बायला विचारलं, "मौसी, आपका मेनू चेंज नहीं होता क्या? पहले तो रोज नया रहता था."

बाय म्हणाली, "मास्तर को पूछो. मैं अनपढ आदमी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ताकाचा जग उचलून आत गेलो.

बोंबील आणि कोलंबी रोज मिळतात. पापलेट मिळवावं लागतं, पण मिळतं. अडचण कालवांची होती. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. ते पाणी लांब ओसरल्याशिवाय हाती येत नाहीत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चार-पाच दिवस पहाटे पाणी दूर जातं. तेव्हा बायका आकडी घेऊन खडकांवर जातात, शिंपला फोडून आतलं मांस काढतात आणि वाटीनं विकतात. अष्टमी-नवमीला पाणी फार ओसरत नाही, तेव्हा कालवं नसतात. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मी इतकंच बघत होतो की बाय रोज पानात बांधून कालवं आणते. कधी पुष्कळ, कधी जेमतेम एका ताटापुरती. एका ताटापुरतं चालायचं. बायकोच्याच काळात ठरलं होतं की एकाला जरी दिलं तरी फळा खरा, मग संपलं म्हणायला हरकत नाही. अष्टमीला जो पाहुणा पहिला येई त्याला कालवं मिळत. उरलेल्यांना बाय सांगे, "लवकर उठत जावा."

मला वाटत होतं ती विकत आणते.

वैशाख संपत आला होता. जूनपासून दोन महिने बोटी समुद्रात जात नाहीत, किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवतात. बाय आठवडाभर मला ऐकू जाईल असं भांड्यांशी बोलत होती. "आता पापलेट कुठून आननार, आभाळातून? जून लागला की फळा काय करनार हाय, पोहनार हाय?" मी ऐकत होतो. जूनला अजून सहा दिवस होते.

त्या सकाळी मी फळ्यावर खडू फिरवत होतो. पापलेटपर्यंत आलो होतो. फोन वाजला. बायच्या गावातली एक बाई बोलत होती. "मास्तर, बाय खडकावर पडली. पाय गेला. आमी रिक्षात घातलीय, बोईसरला नेतोय, तुमी या."

मी गेलो. बाय दवाखान्याच्या बाकावर बसली होती. घोटा सुजला होता. दोन्ही तळहातांना शिंपल्यांच्या धारा लागल्या होत्या आणि ते कोणीतरी पदराच्या चिंधीनं बांधले होते. आकडी तिच्या मांडीवर होती. बरोबर आलेली बाई मला म्हणाली, "सांगत होतो, नवमी हाय, पानी हाय, नको जाऊ. कोन जात नाय आज. ऐकते काय? रोज जाते ही. फाल्गुनापासून जाते."

"रोज?" मी विचारलं.

"मंग कालवं काय बाजारात बसून वाट बघतात तुमची?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हाडाचा फोटो उजेडात धरला आणि बायला वय विचारलं. तिनं सांगितलं, "पासष्ट-सत्तर धरा."

"या वयात खडकावर कशाला गेलात, आजी?"

"फळ्यावर हुतं," बाय म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिक्षक होतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी मला वाटलं की त्यांना दिसतंय. सहा आठवडे प्लास्टर ठेवायचं ठरलं.

रिक्षातून घरी येताना बाय म्हणाली, "कालवं पडली पान्यात. दोन वाट्या झाली हुती."

मी म्हणालो, "बाय, मला सांगायचं."

"काय सांगायचं? तुमी विचारलंत काय?" थोड्या वेळानं म्हणाली, "तिचं अक्षर नाय ते, मास्तर. तुमचं हाय. ती काय लिवत नव्हती."

घरी आल्यावर तिला खुर्चीत बसवलं आणि पाय स्टुलावर ठेवला. पावणेबारा वाजले होते. हजरपुढे अजून ११ होते, पण त्या दिवशी फोन करून चौघांनी कळवलं होतं. मी त्यांना नको म्हणून सांगितलं. मग फडकं ओलं केलं.

चार ओळी पुसायला काही वेळ लागत नाही. खाली फळ्याच्या काळ्या रंगात अक्षरांचे चर दिसत होते, कारण मी रोज एकाच जागी खडू दाबला होता. बायनं विचारलं, "झालं?" मी हो म्हणालो. तिनं डोळे मिटून घेतले. ती रडत असावी किंवा पाय दुखत असावा. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि सहा जणांचा फोन होता. बाय म्हणाली, "आता तुमीच जावा."

"मला मासे ओळखता येत नाहीत."

"नाकाखाली डोळे हायेत काय? डोळे वर असतात. बघा आनि घ्या. ताजा मासा ताठ असतो, तुमच्यासारखा वाकत नाय."

मी पाटी घेऊन टमटममध्ये बसलो. बाजूच्या बायकांनी जागा दिली आणि माझ्याकडे पाहून घेतलं. किनाऱ्यावर मी या आधी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा लग्नाच्या निमित्तानं. वाळूवर बायका ओळीनं बसल्या होत्या. मला बघून एकीनं आवाज दिला, "अगो, मास्तर आले! हजेरी घेतात बघ!"

"हजर!" दुसरी ओरडली. सगळ्या हसल्या.

मी एकीसमोर उभा राहिलो. तिनं एक चपटा, गोलसर मासा उचलून माझ्यापुढे धरला. "मास्तर, तुमी फळ्यावर लिवता ना सगळं. सांगा हा कोन?"

"पापलेट," मी म्हणालो.

अशा हसण्याचा आवाज मी वर्गातही ऐकला नव्हता. तो हलवा होता. हलवा काळसर असतो. पापलेट त्याच्या शेजारीच ठेवलेलं होतं, रुपेरी. "सतरा वरसं पापलेट लिवलं!" ती बाई पलीकडच्या बाईला ओरडून सांगत होती. "आनि पापलेटाची ओळख नाय झाली!" मग तिनं मासा खाली ठेवला आणि आवाज उतरवून विचारलं, "बायचा पाय कसा हाय?" मी सांगितलं. तिनं माझ्या पाटीत स्वतःच निवडून मासे घातले. मी काय घेतलं हे मला कळलं नाही.

घरी आलो तेव्हा बाय खुर्ची सोडून खाली पाटावर बसली होती, प्लास्टरचा पाय पुढे सरळ ठेवून. समोर विळी होती. हातांना पट्ट्या होत्या.

"बाय, हे काय?"

"पाय मोडलाय. हात नाय मोडले. काय आनलं दाखवा."

मी पाटी खाली ठेवली आणि तिच्यासमोर बसलो. पहिल्यांदाच माझी पाठ फळ्याकडे होती. एकेक मासा उचलून मी तिला दाखवत होतो आणि ती नाव सांगत होती. मांदेली. बोय. हलवा. "हा वर धरा, मिशा हायेत काय? हायेत. मंग शिंगाळा." कोलंबी मी स्वतः ओळखली. ती म्हणाली, "शाब्बास. लहान पोरंबी ओळखतात." सगळं परातीत पडल्यावर मी उठून फळ्यावर लिहिलं. लिहिताना मला माशांचे आकार दिसत होते. मांदेली लिहिताना एवढीशी, सोनेरी.

गॅसची शेगडी आम्ही खाली जमिनीवर घेतली. बाय बसल्या जागेवरून करत होती, मी भांडी धरत होतो, पाणी घालत होतो, ढवळत होतो. मीठ किती ते ती चाखून सांगत होती. सहा माणसं जेवली. त्यांतल्या एकानं मोबाइलवर फोटो काढून दाखवला आणि विचारलं, "हे भुजणं, कालवं वगैरे नाही का?"

मी म्हणालो, "ते गुरुवारचं होतं."

तो फळ्याकडे बघून म्हणाला, "गुरुवारच लिहिलाय की."

मी म्हणालो, "हो."

तो शिंगाळ्याचं कालवण जेवला.

जून लागला आणि बोटी वर ओढल्या. फळ्यावरची नावं बदलली. सुके बोंबील, जवळा, खाडीतल्या चिंबोऱ्या, निवट्या. बोईसर स्टेशनबाहेर डोंगराकडच्या बायका शेवळं घेऊन बसू लागल्या. शेवळं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी रानात उगवणारी भाजी, ती नीट केली नाही तर घसा खाजतो. बाय तीत सोडे घालते, म्हणजे सुकी कोलंबी. मी एका बाईकडून दोन जुड्या आणल्या तेव्हा बाय म्हणाली, "ही तुमच्यासाठी बिनसोड्याची करते." तिनं केली. फळ्याच्या मधल्या ओळींतला पदार्थ मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला. सुरतेचा विक्रेता त्या दिवशी होता. त्यानं विचारलं, "अंकल, ये कैसा है?" मी त्याला सांगू शकलो.

आता सप्टेंबर चालू आहे. बायचं प्लास्टर निघालं. ती थोडी लंगडते आणि खडकावर जात नाही. किनाऱ्यावर आठवड्यातून चार दिवस मी जातो, तीन दिवस ती. मी अजून मासे खात नाही. हलवा आणि पापलेट ओळखता येतात, दाढा आणि रावस यांत अजून चुकतो. कालवं फळ्यावर येतात ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, कोणी विकायला आणली तर.

हजरपुढचा आकडा रोज बदलतो. इयत्ता आणि पट रिकामे आहेत. वारापुढे गुरुवार आहे. तो पुसायला बायनं सांगितलेलं नाही आणि मी त्यावरून खडू फिरवत नाही. पहिली दोन अक्षरं अजून वाचता येतात.